आरव्हीने डेटनचं हवाई दल संग्रहालय: गाडी हाकायचा दिवस वेगळा, विमानं बघायचा वेगळा

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतून सहा जण जुलैमध्ये नऊ दिवसांसाठी २५ फुटी क्लास सी आरव्ही, म्हणजे आत पलंग, चूल आणि संडास असलेली गाडी, भाड्याने घेणार आहेत. नवरा-बायको, आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं आणि भारतातून आलेले सत्तरीतले आई-वडील. शनिवारी निघून रविवारी रात्री ओहायोतल्या डेटनला पोहोचायचं, सोमवारी सकाळी हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय बघायचं आणि दुपारीच नायगाऱ्याकडे सुटायचं. आरव्ही पहिल्यांदाच चालवणार. हे जमेल का आणि कशाची काळजी घ्यावी?

जमेल, पण नायगारा यादीतून काढा. हे संग्रहालय एका सकाळीत बघून होत नाही. छताखालचीच जागा १९ एकर आहे आणि विमानं-क्षेपणास्त्रं मिळून साडेतीनशेच्या वर. माझा आग्रह एकच: ज्या दिवशी गाडी लांब हाकायची त्या दिवशी संग्रहालय नाही, आणि ज्या दिवशी संग्रहालय त्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही. बाकीचं सगळं वेळापत्रक यावरून आपोआप ठरतं.

रस्ता आणि दिवस

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून डेटन सुमारे ६०० मैल. कारने एका लांब दिवसात होतं. आरव्हीने ते तीन दिवसांत करा. ही गाडी ताशी ६० मैलांच्या आसपासच ठेवायची असते. त्यापुढे पेट्रोल भराभर जातं आणि शेजारून ट्रक गेला की हवेचा धक्का बसून गाडी लेनमध्ये हलते. चढ, पेट्रोल, जेवण, पाय मोकळे करणं हे सगळं धरलं की दिवसाची खरी सरासरी ताशी ४५ मैल पडते. ३०० मैल म्हणजे सात तास, आणि नव्या चालकाने त्याच्या पुढे जाऊ नये.

पहिल्या दिवशी गाडी ताब्यात मिळते ती बहुधा दुपारी, शिवाय तपासणीत तासभर जातो. म्हणून शनिवारी फक्त १०० मैल: आय-७८ने पेनसिल्व्हेनियात हॅम्बर्गच्या आसपास मुक्काम. या पहिल्या रात्रीसाठी कॅम्पग्राउंडवर ‘पुल-थ्रू’ साइटच मागा, म्हणजे गाडी उभी करायची अशी जागा, जिथे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येतं. गाडी मागे घेण्याचा पहिला प्रयोग अंधारात नको. रविवारी आय-७८, आय-८१, कार्लाइलला पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक (टोलचा महामार्ग), न्यू स्टँटनला टर्नपाइक सोडून आय-७०, आणि व्हीलिंगच्या आसपास थांबायचं. हे अंदाजे २९० मैल, प्रवासातला सगळ्यात अवघड दिवस. सोमवारी उरलेले १७० मैल करून दुपारी स्प्रिंगफील्डला पोहोचायचं.

टर्नपाइकवर चार बोगदे लागतात: ब्लू माउंटन आणि किटाटिनी पाठोपाठ, मग टस्करोरा, आणि बेडफर्ड ओलांडल्यावर अ‍ॅलेगेनी. दिवे लावा, लेन सोडू नका, आणि निघतानाच प्रोपेनच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवा. बोगद्यांबाबत नियम एकसारखे नाहीत. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून प्रोपेन असलेली आरव्ही नेताच येत नाही, त्यामुळे नेव्हिगेशनने ‘वाहतूक कमी’ म्हणून दक्षिणेकडचा रस्ता सुचवला तर तिकडे वळू नका. व्हीलिंग शहरातही आय-७०वर बोगदा आहे. तो चुकवायला आय-४७० घ्या, तो ओहायो नदी ओलांडून सेंट क्लेअर्सव्हिलजवळ परत आय-७०ला मिळतो. न्यू स्टँटन ते वॉशिंग्टन या पट्ट्यात काही रॅम्प फार आखूड आहेत, तिथे शक्य तेव्हा डाव्या लेनमध्ये राहिलं की अचानक आत घुसणाऱ्या गाड्यांशी गाठ पडत नाही.

डोंगराचा उतार सुरू होण्याआधीच ‘टो-हॉल’चं बटण दाबा. गिअर खालचा राहतो आणि इंजिनच गाडी आवरतं. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून जळका वास येतो. तो आला की लगेच सुरक्षित जागी थांबून ब्रेक पूर्ण निवू द्या. टोल आता रोख घेत नाहीत, ई-झेडपास (टोल आपोआप कापणारं गाडीतलं यंत्र) किंवा नंबरप्लेटवरून वसूल होतो. तुमचा स्वतःचा ई-झेडपास या गाडीत चालेल का ते भाड्याच्या यार्डात आधी विचारा, नाहीतर प्रत्येक टोलमागे हाताळणी-शुल्क लागू शकतं.

पेट्रोलचा हिशेब साधा आहे. जाणं-येणं आणि स्थानिक फेऱ्या मिळून १,२५० मैल, गॅलनला ८ मैल धरले तर साधारण १५५ गॅलन. टाकी अर्धी झाली की भरायची. त्याचं एक कारण जनरेटर आहे: तो त्याच टाकीतून पेट्रोल ओढतो, पण त्याची नळी पाव टाकीच्या वर संपते. टाकी पावभर राहिली की इंजिन चालतं आणि जनरेटर बंद पडतो. लोक मग तो बिघडला म्हणून तासभर खटपट करत बसतात.

बेल्ट आणि बिछाने आधी, गाडी नंतर

सहा जण झोपू शकतात म्हणजे सहा जण सुरक्षित बसू शकतात असं नाही. बुकिंगच्या आधी दोन गोष्टी विचारा: एकूण बेल्ट किती, आणि त्यांपैकी खांद्यावरून येणारे तीन-बिंदू बेल्ट किती. डायनेटला, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या बाकांना, बहुधा फक्त कमरेचा पट्टा असतो. बूस्टर सीटला खांद्याचा पट्टा लागतोच, कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर वापरायचं नाही. तुमचा आठ वर्षांचा मुलगा ४ फूट ९ इंचांपेक्षा कमी असेल तर त्याच्या वजन-उंचीला बसणारी, स्वतःचे पट्टे असलेली सीट आणा आणि ती पुढे तोंड असलेल्या बाकावरच बांधा. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर कधीच नाही. गाडी चालू असताना मागच्या पलंगावर कोणी पडायचं नाही, आजोबांची पाठ दुखत असली तरी. त्यापेक्षा दीड तासाला थांबा.

मागचा पलंग आई-वडिलांना द्या. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर शिडीने चढावं लागतं आणि रात्री बाथरूमला उतरणं त्यांना धोक्याचं. तिथे मुलं झोपतील, पण जाळी किंवा आडवी फळी आहे का ते बघून घ्या.

ताब्यात घेताना चारही बाजूंनी, छताच्या कडांसह, व्हिडिओ काढा. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सात वर्षांपेक्षा जुना टायर बदलून मागा, कारण उन्हात उभं राहून रबर आतून कडक होतं आणि जुलैच्या तापलेल्या रस्त्यावर फुटतं. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे ठेवा आणि सकाळी टायर थंड असताना मोजा. मागची आतली चाकं विसरली जातात, त्यांच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचतो का तेही यार्डातच बघा.

गाडीची उंची सुमारे १२ फूट. नेमका आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. खाण्याच्या दुकानांच्या ड्राइव्ह-थ्रूत किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये शिरायचंच नाही.

वळताना मागचा भाग

आरव्हीला लागणारा मार बहुतेक वेळा पुढून नसतो, मागून असतो. २५ फुटी गाडीत मागच्या चाकांच्या पाठीमागे आठ-नऊ फुटांचा भाग लोंबता असतो. डावीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हा भाग उजवीकडे फूट-दीड फूट बाहेर फेकला जातो. पेट्रोल पंपावर नेमकं हेच घडतं. पंप उजव्या हाताला दोन फुटांवर असतो, पेट्रोल भरून चालक लगेच डावीकडे वळतो, आणि गाडीचा मागचा कोपरा पंपाच्या पिवळ्या खांबाला घासत जातो. आरशात बघणारा पुढेच बघत असल्याने आवाज आल्यावरच कळतं. म्हणून नियम: मागचं चाक पंपाच्या पुढे जाईपर्यंत गाडी सरळ न्यायची, मगच वळायचं. यार्डातून निघण्याआधी मोकळ्या जागेत एकाला मागे उभं करून स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा. तो भाग किती बाहेर येतो ते डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

गाडी मागे घेताना एक माणूस खाली हवाच. त्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्याजवळ, आरशात दिसेल असं उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की चालकाने थांबायचं. फक्त दोन खुणा ठरवा, ‘ये’ आणि ‘थांब’. ओरडून सांगितलेलं इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. फांद्या आणि पत्र्याच्या कडा वर असतात, म्हणून वर बघणं हेही त्याचंच काम.

स्प्रिंगफील्डचा मुक्काम: वीज, पाणी, टाक्या

मुक्कामासाठी स्प्रिंगफील्डजवळचं बक क्रीक स्टेट पार्क सोयीचं. आय-७०पासून जवळ आहे आणि संग्रहालय तिथून साधारण २५ मैल. चार रात्री एकाच साइटवर. विजेची साइट पुरते, जागेवरच ड्रेनेज असलेली महाग साइट घ्यायची गरज नाही. का ते पुढे येतंच.

अशा गाडीला ३० अँपिअरची वीज लागते. १२० व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ३,६०० वॉट. छतावरचा एसी सुरू असताना १३ ते १५ अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह आणखी १२-१३. त्यात कोणी हेअर ड्रायर लावला की ब्रेकर पडतो. दोष विजेचा नसतो, बेरजेचा असतो. जोडताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद, मग सर्ज प्रोटेक्टर, मग गाडीची केबल, शेवटी ब्रेकर चालू. ब्रेकर चालू ठेवून प्लग खुपसला की ठिणगी उडते आणि पिना काळ्या पडतात. पुढे त्याच पिना तापून वितळतात. जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी चालू असतात तेव्हा व्होल्टेज उतरतं. ते १०५च्या खाली गेलं तर एसी बंद करा, कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून जळतो. व्होल्टेज दाखवणारा आणि कमी झालं की स्वतः तोडणारा प्रोटेक्टर असेल तर तोच घ्या.

गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा शोषण-प्रकारचा फ्रिज असेल तर गाडी सपाट उभी हवी. यात पंप नसतो. अमोनियाचं द्रावण गुरुत्वाने फिरतं, गाडी फार कलली की ते एका जागी साचतं आणि फ्रिज आतून खराब होतो. साइटवर चाकांखाली फळ्या घालून पातळी साधा. तो थंड व्हायला अर्धा दिवस घेतो, म्हणून सामान भरण्याआधी आदल्या रात्रीपासून चालू करून द्याल का असं यार्डात विचारा.

प्रोपेन हवेपेक्षा जड असतं, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत बसवलेला असतो. तो वाजला तर ज्योत विझवा, सगळे बाहेर, टाकीचा व्हॉल्व्ह बंद. छताजवळचा धुराचा अलार्म मात्र चुलीपासून दोन हातांवर असतो आणि साध्या फोडणीनेही वाजतो. त्याची बॅटरी काढून ठेवू नका. आधी छतावरचा पंखा आणि खिडकी उघडा, मग तेल तापवा. जास्त धुराचा स्वयंपाक बाहेरच्या टेबलावर वेगळ्या शेगडीवर केलेला बरा.

या आकाराच्या गाडीत स्वच्छ पाणी साधारण ४० गॅलन, ग्रे टँक म्हणजे सिंक-शॉवरचं पाणी ३०च्या आसपास, ब्लॅक टँक म्हणजे संडासाची त्याहून थोडी लहान. सहा जणांत आधी ग्रे भरते. अंघोळी कॅम्पग्राउंडच्या बाथरूममध्ये केल्या तर तीन दिवस निघतात. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, पांढरा किंवा निळा, आणि नळाला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय जोडायचा नाही. काही नळांचा दाब इतका असतो की गाडीच्या आतले प्लॅस्टिकचे सांधे सुटतात आणि पलंगाखाली पाणी होतं. प्रवासात टाकी पूर्ण भरून नेऊ नका: गॅलनला सव्वाआठ पौंडांहून जास्त, म्हणजे ४० गॅलनचे ३३० पौंड उगाच डोंगर चढवायचे. तिसरा हिस्सा पुरतो.

ब्लॅक टँकचं तंत्र एकदा समजून घेतलं की घाण वाटण्यासारखं काही राहत नाही. व्हॉल्व्ह नेहमी बंद ठेवायचा, ड्रेनेज जोडलेलं असलं तरी. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि मैला-कागद टाकीच्या मधोमध ढिगासारखा साचून वाळतो. मग तो कशानेच हलत नाही. टाकी दोन तृतीयांश भरू द्या, म्हणजे रिकामी करताना पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं बाहेर जातं. हातमोजे घाला. पाइप आधी जमिनीतल्या तोंडात पक्का बसवा, मग गाडीला फिरवून लावा, आकडे दोन्ही बाजूंनी अडकल्याची खात्री करा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद केल्यावर संडासातून दोन-तीन गॅलन पाणी आणि टँकचं औषध घाला. कोरड्या टाकीवर पहिला वापर झाला की तो तळाला चिकटतो. आतल्या भिंतीवरचे दिवे ‘भरली’ दाखवत असतील आणि टाकी नुकतीच रिकामी केली असेल, तर सेन्सरवर कागद चिकटलेला आहे. दिव्यांपेक्षा दिवसांचा हिशेब विश्वासू. डंप स्टेशनवरचा, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागेवरचा, धुण्याचा नळ पिण्याचा नसतो, आणि पिण्याच्या पाण्याच्या पाइपला तिथे स्पर्शही होऊ देऊ नका.

आता साधी साइट का पुरते: मंगळवारी आणि गुरुवारी संग्रहालयाला जाताना गाडी साइटवरून निघणारच आहे. डंप स्टेशन बहुधा बाहेर पडायच्या वाटेवर असतं. जाताना टाक्या रिकाम्या, येताना पाणी भरून. साइट तुमची आहे हे कळावं म्हणून खुर्च्या आणि चटई तिथेच ठेवा. ताडपत्री, म्हणजे ऑनिंग, मात्र गुंडाळूनच निघा. ओहायोत जुलैच्या दुपारी वादळ अचानक येतं आणि उघडी ऑनिंग पाण्याच्या वजनाने किंवा वाऱ्याने हातांसकट मोडते.

वादळाबद्दल आणखी एक. अमेरिकेत इशारे काउंटीच्या नावाने येतात आणि परगावच्या माणसाला आपण कुठल्या काउंटीत आहोत हेच माहीत नसतं. स्प्रिंगफील्ड क्लार्क काउंटीत आहे. टॉर्नेडोचा इशारा आला तर आरव्हीत थांबायचं नाही, कॅम्पग्राउंडच्या पक्क्या बाथरूमच्या इमारतीत जायचं. आल्या दिवशीच आई-वडिलांना ती इमारत चालत जाऊन दाखवा.

संग्रहालय

नेव्हिगेशनमध्ये ‘राइट-पॅटरसन हवाई तळ’ असं टाकू नका, ते तुम्हाला लष्करी फाटकावर नेऊन सोडेल आणि तिथे २५ फुटी गाडी वळवणं अवघड. पत्ता ११०० स्पाट्झ स्ट्रीट, फाटक २८बी. संग्रहालय तळाच्या कुंपणाबाहेर आहे, पास लागत नाही. रोज ९ ते ५ उघडं. फक्त थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारीला बंद. प्रवेश आणि पार्किंग दोन्ही फुकट. दारात सुरक्षा तपासणी आहे, तेव्हा खिशातला चाकू गाडीतच ठेवा.

पावणेनऊला पोहोचा. पार्किंग प्रशस्त आहे. मोठ्या गाड्या कुठे लावायच्या ते विचारून कडेची जागा घ्या, निघायला सोपं जाईल अशी. तिकीट नसल्यामुळे कितीदाही आत-बाहेर करता येतं, आणि इथेच आरव्हीचा खरा उपयोग आहे: १२ ते २ घरचं जेवण, आजी-आजोबांना दीड तास झोप, मग पुन्हा आत. फक्त उन्हात उभी गाडी भट्टी होते. एसीसाठी जनरेटर लागेल, तो पार्किंगमध्ये चालवलेला चालेल का ते आल्याआल्या विचारून घ्या. एसीशिवाय कोणालाही आत झोपवू नका. जनरेटर चालू असताना त्याच्या धुराकडच्या खिडक्या बंद आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू हवा.

चार मोठे हँगर एकमेकांना जोडलेले आहेत आणि खाली सगळीकडे कडक फरशी. चालणं मैलांत मोजावं लागतं. व्हीलचेअर मोफत मिळतात, पण आधी येईल त्याला. वडील ‘मला नको’ म्हणाले तरी सकाळीच घेऊन ठेवा. दालनांत प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो, तेव्हा डोळे सरावेपर्यंत दारापाशी दोन मिनिटं थांबा.

मंगळवारी पहिला आणि दुसरा हँगर. सुरुवात राइट बंधूंपासून: १९०९च्या लष्करी विमानाची प्रतिकृती, मग पहिलं महायुद्ध. दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात ‘मेम्फिस बेल’ हे बी-१७ बाँबर आहे. या विमानाच्या चमूची २५वी मोहीम १७ मे १९४३ची, आणि दीर्घ दुरुस्तीनंतर ते लोकांसमोर आलं बरोबर ७५ वर्षांनी, १७ मे २०१८ला. त्याच दालनात ‘बॉक्सकार’ आहे, ९ ऑगस्ट १९४५ला नागासाकीवर अणुबाँब टाकणारं बी-२९. मुलांना तिथे नेण्याआधी काय घडलं होतं ते सांगा. नाहीतर ते त्यांच्यासाठी आणखी एक चकचकीत विमान ठरेल, आणि ते तसं नाही. दुसऱ्या हँगरमध्ये कोरियन युद्धाच्या भागात मिग-१५ शोधा. उत्तर कोरियाचा वैमानिक नो कुम-सोक २१ सप्टेंबर १९५३ला पळून जाऊन किंपोच्या तळावर उतरला, ते हेच विमान. अमेरिकनांना अख्खं चालतं मिग-१५ तपासायला मिळालं ते त्यामुळे.

बुधवारी विश्रांती. सकाळी उशिरा निघून डेटनचं कॅरिलन पार्क बघा. तिथे १९०५चं मूळ ‘राइट फ्लायर ३’ आहे. ५ ऑक्टोबर १९०५ला विल्बरने हफमन प्रेअरीच्या कुरणावर ते ३९ मिनिटं, २४ मैल उडवलं. किटी हॉकची १९०३ची उडी सगळ्यांना माहीत असते, पण वळणारं, घिरट्या घालणारं, हाताबरहुकूम चालणारं विमान हे. त्याची जुळणी ऑर्व्हिलच्या देखरेखीखाली सुरू झाली, पण दालन खुलं झालं १९५०मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. या फेरीला आरव्ही हलवायची नसेल तर टॅक्सी करा, दुपारपर्यंत परत.

गुरुवारी नऊच्या ठोक्याला थेट चौथ्या हँगरकडे. तो दारापासून सगळ्यात लांब आहे आणि बहुतेक लोक तिथे दमून, साडेतीनला पोहोचतात. राष्ट्राध्यक्षांच्या चार विमानांत आत शिरून चालता येतं, पण काचेच्या भिंतींमधली वाट फार अरुंद आहे. व्हीलचेअर जात नाही, पाठीवरची सॅक अडकते, आणि मध्ये गर्दी झाली की मागे फिरता येत नाही. सकाळी मोकळं मिळतं. ‘सॅम २६०००’ हे बोइंग जिन्यांमुळे आई-वडिलांना नाही जमलं तरी चालेल, मुलांना जरूर न्या. २२ नोव्हेंबर १९६३ला केनेडींची शवपेटी याच विमानाने परत आली, त्यासाठी मागच्या बाजूच्या खुर्च्या काढल्या होत्या, आणि जॉन्सन यांनी शपथही यातच घेतली. ती जागा किती लहान आहे हे आत उभं राहिल्यावरच कळतं. आजोबांना त्या चारांतलंच ‘सेक्रेड काऊ’ बाहेरून दाखवा. रूझवेल्ट यांची चाकाची खुर्ची आत घेण्यासाठी त्याला लिफ्ट बसवली होती.

याच हँगरमध्ये एक्सबी-७० व्हॅल्किरी आहे. दोनच बनली. दुसरं ८ जून १९६६ला हवेतल्या टकरीत गेलं, हे उरलेलं एकमेव. आवाजाच्या तिप्पट वेगाचं हे बाँबर लोक समोरून, मानेसारख्या लांब नाकाचा फोटो काढून सोडून देतात. तुम्ही पाठीमागे जा. सहा इंजिनांची तोंडं एका ओळीत, प्रत्येकात लहान मूल उभं राहील एवढी. मग पंखांच्या टोकांकडे बघा: ती उड्डाणात ६५ अंशांपर्यंत खाली दुमडत. नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश चाला, फोटोत न मावणारा आकार पायांना कळतो. जवळच एक्स-१५ए-२ हे रॉकेट-विमान आहे, ३ ऑक्टोबर १९६७ला ताशी ४,५२० मैल गेलेलं. अपोलो १५चं ‘एन्डेव्हर’ यानही इथेच, ज्याचे तिन्ही अंतराळवीर हवाई दलाचे होते. त्याच्या तळाचा करपलेला पृष्ठभाग मुलांच्या उंचीवरून छान दिसतो.

दुपारी तिसरा हँगर: बी-३६ बाँबर, ज्याला सहा पंखे मागच्या बाजूला आणि चार जेट पंखांच्या टोकांकडे, एसआर-७१, बी-२, आणि सायलोसारख्या (क्षेपणास्त्र ठेवायच्या खोल विहिरीसारख्या) उंच गोल दालनातली क्षेपणास्त्रं. चारला थांबा. पाचला सगळे एकदम निघतात आणि आरव्ही त्या गर्दीतून काढणं नको.

परतीचे तीन दिवस

शुक्रवारी पहाटे नाही, सकाळी निघा. निघण्याआधी एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने हात लावून बघायचं: पायरी आत, छताच्या झडपा बंद, अँटेना खाली, केबल आणि पाइप सुटे, फ्रिजचं दार अडकवलेलं, पाण्याचा पंप बंद, प्रोपेन बंद. शुक्रवारी आणि शनिवारी अडीचशे-पावणेतीनशे मैलांच्या मर्यादेत राहून शनिवारचा मुक्काम यार्डापासून ६० मैलांच्या आत हवा, कारण गाडी बहुधा सकाळीच परत करायची असते. यार्ड रविवारी उघडं असतं का ते बुकिंग करतानाच विचारा. नसेल तर सगळं एक दिवस आधी सरकवा, पण बुधवारची विश्रांती कापू नका. टाक्या रिकाम्या करून, प्रोपेन आणि पेट्रोल घेतलं होतं त्या पातळीला आणून, मीटरचा आणि डंप व्हॉल्व्हचा फोटो काढून मगच चावी द्या.